तुमच्या मानाने

नीलाताई वासनिकांना कुणी म्हातारी म्हटलं तर त्या हसून सोडून देत. खडूस म्हटलं तर मान्यच करत. नागपुरातल्या शाळेत जन्मभर मुलींना खो-खो शिकवलेली बाई, तिला मुलींनी पाठीमागे आणखी काय म्हणायचं? पण ‘तुमच्या मानाने’ हे दोन शब्द कुणी त्यांच्यासमोर काढले की संपलं. मग समोर हेडमास्तर असो की आमदार, त्याची धडगत नसे.

आणि नेमके तेच शब्द त्यांना म्हातारपणी जर्मनीत ऐकावे लागले, तेही मोडलेला खुबा घेऊन, एका डॉक्टरच्या खोलीत. पण ते कसं झालं हे आधी सांगायला हवं.

नीलाताई सप्टेंबरात मुलाकडे आल्या होत्या. मुलगा सुगत वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये. सून यामिनी हायडेलबर्गला एका संस्थेत संशोधन करते. नात प्राची शाळेत जाते. तिला मराठी सगळं कळतं, पण आजीला उत्तर मात्र जर्मनमध्ये. डिसेंबरात परत जायचं असं ठरलेलं. ऑक्टोबरातल्या एका सकाळी सुपरमार्केटच्या दारात ओल्या पानांवरून पाय सटकला आणि बाई डाव्या कुशीवर आपटल्या. हाड मोडलं, ऑपरेशन झालं, नवा खुबा बसला. तिथून त्यांना डोंगरातल्या एका रेहा-क्लिनिकमध्ये हलवलं, म्हणजे जिथे मोडलेली माणसं पुन्हा चालायला शिकतात तिथे. सुगतने आईसाठी आधीच भक्कम विमा काढून ठेवला होता, त्यामुळे खर्चाची काळजी नव्हती. काळजी होती ती जिन्याची.

नागपूरला इंदोऱ्यात नीलाताईंचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. नवरा, रामदास वासनिक, वारल्यापासून त्या तिथे एकट्याच. एकट्याच भाजी आणायच्या, एकट्याच बँकेत जायच्या, सकाळी जमिनीवर मांडी घालून वंदना म्हणायच्या आणि कशाचाही आधार न घेता उठायच्या. संध्याकाळी खालच्या मैदानात मोहल्ल्यातल्या पोरींना गोळा करून पळवायच्या. ते घर म्हणजे त्यांचं राज्य. तीन मजले चढता आले तर राज्य परत मिळणार. नाही आले तर वाल्डॉर्फच्या मागच्या खोलीत हीटरशेजारी बसून शेजाऱ्याचे कचऱ्याचे डबे बघत राहायचं, मरेपर्यंत. असं कुणी तोंडाने म्हणालं नव्हतं. पण सुगतच्या बोलण्यात हल्ली ‘आता कशाला घाई करायची परत जायची’ हे सारखं यायला लागलं होतं, आणि त्यातला सूर न कळण्याइतक्या नीलाताई भोळ्या नव्हत्या.

क्लिनिकच्या खोलीत त्यांच्या जोडीला होती फ्राउ क्रेमर, म्हणजे क्रेमरबाई. सत्तरी ओलांडलेली, आडव्या बांध्याची, आयुष्यभर बेकरीच्या काउंटरमागे उभी राहिलेली बाई. तिचाही डावाच खुबा. हिला जर्मन येत नाही, तिला जर्मनशिवाय काही येत नाही, तरी दोघींचं मेतकूट जमलं. ‘श्मेर्त्स’ म्हणजे दुखतंय हे नीलाताईंना पहिल्याच दिवशी कळलं. ‘गुट’ म्हणजे बरं. आणि एक शब्द क्रेमरबाईने चहा पिता पिता शिकवला. आधी स्वतःच्या छातीला हात लावला, मग एकच बोट वर धरलं आणि म्हणाली, “आलाइन.”

एकटी. नीलाताईंनी आपलंही एक बोट वर केलं. “आलाइन,” त्या म्हणाल्या, आणि दोघी खो-खो हसल्या. मग क्रेमरबाईने टेबलाच्या कडेवरून दोन बोटांनी जिना चढून दाखवला आणि तोंड वाकडं केलं. तिचंही घर वरच होतं. नीलाताईंनी तिच्यापेक्षा एक मजला जास्त चढून दाखवला. त्यावर क्रेमरबाईने कपाळाला हात लावला.

मग आला परीक्षेचा दिवस. तिथल्या व्यायामाच्या हॉलमध्ये खुर्चीवरून उठायचं, लाल शंकूला वळसा घालून यायचं, परत बसायचं. मग एक स्प्रिंगचं हँडल मुठीत दाबायचं. शेवटी लाकडाच्या सरावाच्या पायऱ्या. फिजिओथेरपीवाली पोरगी हातात टॅब्लेट घेऊन सगळं टिपत होती. आधी क्रेमरबाई, मग नीलाताई.

नीलाताईंचा जन्म स्टॉपवॉच धरण्यात गेला होता. कोण अंग चोरतंय, कुणाचा दम कुठे तुटतोय, हे त्यांना मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. त्यांनी बघितलं: दोघी अगदी सारख्या. दोघीही उठताना डावा पाय वाचवत होत्या. दोघींनाही वळसा घेताना त्या चाकाच्या वॉकरवाचून धीर होत नव्हता. पायऱ्यांवर तर दोघीही तिसरीला थबकल्या आणि कठड्याला लटकून राहिल्या.

“नापास,” नीलाताई स्वतःशी म्हणाल्या. “दोघी नापास.”

त्यात त्यांना लाजबीज काही वाटली नाही. नापास पोरीला जादा सराव द्यायचा असतो, एवढं साधं गणित त्यांनी आयुष्यभर सांभाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेमरबाई कागद नाचवत खोलीत आली. “फरलेंगरुंग!” मुदत वाढवून मिळाली होती. बाईला घरी जिना आहे, बाई एकटी राहते, चालणं वयाच्या मानाने कमी आहे, म्हणून आणखी काही आठवडे राहा आणि नीट चालायला लागून मग घरी जा. नीलाताईंनी टाळ्या वाजवल्या. आता आपलाही कागद येणार म्हणून बाई वेणी घालून तयार बसल्या.

कागद आला नाही. आले सुगत आणि यामिनी, आणि तिघांनाही डॉ. लिंडनरच्या खोलीत बोलावलं.

लिंडनर चाळिशीचा, उंच, हसतमुख माणूस. दार उघडून धरलं, खुर्ची पुढे केली, पाणी विचारलं. मनाचा वाईट नव्हता, आणि हेच तर जास्त चीड आणणारं होतं. “आल्झो, फ्राउ वास्निक,” म्हणजे ‘तर मग, वासनिकबाई,’ अशी सुरुवात करून तो बराच वेळ बोलला. बोलताना बघत होता मात्र सुगतकडे. मग त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक जाडजूड हिरवी पट्टी होती.

“काय म्हणतो?” नीलाताईंनी विचारलं.

“आई, छान बातमी आहे,” सुगत म्हणाला. “म्हणतायत, तू एकदम फिट आहेस. सोमवारी घरी.”

“फिट?”

“हो ना. बघ, हिरवं आलंय.”

“अरे, कालच तर मी चौथी पायरी नाही चढू शकले. फिट कशी?”

“टेस्टमध्ये आलंय आई. त्यांची सिस्टीम आहे, आपण काय त्यात बोलणार?”

“आणि ती क्रेमरबाई? ती माझ्याएवढीच लंगडते. तिला काहून ठेवलं मग?”

सुगतने डॉक्टरला काहीतरी विचारलं, अर्धं गिळून विचारल्यासारखं. डॉक्टर परत भरपूर बोलला. सुगतने भाषांतर केलं ते चार शब्दांत: “तिची केस वेगळी आहे.”

नीलाताईंनी मुलाकडे बघितलं. लहानपणी प्रगतिपुस्तक दप्तरात लपवायचा तेव्हा हा असाच बुटांकडे बघत उभा राहायचा. त्यांनी मान सुनेकडे वळवली. “यामिनी, तू सांग. हा मला गाळून सांगून राहिलाय.”

यामिनीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग सांगायला लागली, आणि काहीही न गाळता सांगितलं. “आई, या प्रोग्रॅममध्ये माणूस मूळचा कुठला, ते भरावं लागतं. हेरकुन्फ्ट म्हणतात. क्रेमरबाईंचे आकडे इथल्या बायकांशी ताडून बघितले. त्या मागे पडल्या, म्हणून त्यांना मुदत. तुमच्या नावापुढे दक्षिण आशिया भरलंय. तिकडच्या बायकांची ताकद, चालण्याचा वेग, सगळं मुळातच कमी धरलेलं आहे. आकडे तुमचे आणि त्यांचे जवळपास सारखेच आहेत. पण त्या हिशेबाने तुम्ही...”

“बोल.”

“तुमच्या मानाने तुम्ही चांगल्या आहात, असं म्हणतायत.”

झालं.

नीलाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉलेजात होत्या तेव्हा विद्यापीठाच्या संघाची निवड होती. त्यांच्याइतकी चपळ पोरगी त्या मैदानावर दुसरी नव्हती, हे बघायला आलेल्या पानवाल्यालाही कळलं होतं. निवड करणारे सर पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘वा! तुमच्या मानाने फारच छान खेळतेस तू.’ आणि राखीव खेळाडूंत नाव घातलं. पुढे नोकरी लागली, तर शाळेत बाकं हलवायची वेळ आली की हेडमास्तरांचा निरोप हमखास यायचा, ‘वासनिक बाईंना बोलवा, त्यांच्या लोकांना सवय असते.’ खेळायला तुमची माणसं कमी आणि उचलायला तुमची माणसं दणकट! मोजायचं कशाने ते नेहमी दुसऱ्यानेच ठरवायचं, आणि ज्याला जसं सोयीचं तसं ठरवायचं. त्या हेडमास्तरांना एकदा मागासवर्गीय वसतिगृहातल्या मुलींसाठी वेगळी शर्यत ठेवायची हुक्की आली होती, त्यांनाही बक्षीस मिळावं म्हणून. नीलाताईंनी हातातली चुन्याची बादली त्यांच्यासमोर आदळली होती. ‘चुन्याची रेघ एकच पडेल सर. सगळ्या तिथूनच पळतील.’ आणि पळाल्या होत्या.

“त्याला विचार,” नीलाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता अजून, पण यामिनी खुर्चीत सरळ झाली. “त्याला विचार, माझा खुबा कुठल्या देशाचा आहे? याच लोकांनी बसवला ना? लोखंड यांचंच ना? मग ते दक्षिण आशियाचं कसं झालं?”

यामिनीने विचारलं. डॉक्टर मनापासून हसला आणि हात जोडल्यासारखे करून समजावू लागला. गैरसमज होतोय म्हणाला. उलट हे काळजीपोटीच आहे. तिकडच्या बायकांना इकडची मापं लावली तर धडधाकट बाईसुद्धा उगाच आजारी ठरते, तसं होऊ नये म्हणून ही सोय.

“काळजी?” आता मात्र आवाज चढला. “यामिनी, शब्दाला शब्द सांग हं त्याला. माझी आई इमारतींवर विटा वाहायची. डोक्यावर. माझ्यानंतरची तीन बाळंतपणंही तिने विटा वाहतच काढली. पन्नाशीही झाली नव्हती तेव्हा तिला जमिनीवरून उठताना हात द्यावा लागायचा. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका तशाच, पन्नाशीत वाकलेल्या. आणि ज्यांच्या इमारती बांधल्या ते वरून बघून म्हणायचे, या लोकांच्या बायका लवकर थकतात बुवा, जातच तशी! अरे, थकतात? थकवलं त्यांना! तुझ्या त्या डब्यात ज्या बायका भरल्यात ना, हळू चालणाऱ्या, त्यांना कुणी विचारलं का, बाई गं, तुझे गुडघे कुणी खाल्ले? कुणाकुणाच्या फरशा पुसून हे झालं? नाही विचारलं. नुसतं मोजलं आणि हाडाच्या नावावर लिहून मोकळे झाले, की बाबा यांचं असंच असतं. आणि आता त्यांच्या दुखण्याची फूटपट्टी करून मला मोजून राहिलेत!”

यामिनीने शब्दाला शब्द सांगितलं. सांगता सांगता तिचाही आवाज चढला. शेवटी तिने स्वतःचा म्हणून एक प्रश्न जोडला, ती संशोधनातली बाई, तिला तो विचारता आला: या तुलनेसाठी कुठल्या बायका मोजल्या होत्या, कुठल्या गावच्या, काय काम करणाऱ्या? डॉक्टरला ते ठाऊक नव्हतं. प्रोग्रॅमबरोबर येतं ते, म्हणाला. त्याचं हसू जरा आखडलं होतं. मग त्याने दोन-तीनदा माउस दाबला आणि सुटल्यासारखा म्हणाला की प्रश्न एवढाच नाही. पडण्याआधी माणूस किती करत होतं, तेवढं परत करायला लागलं की रेहाचं काम संपतं. आणि इथे, भरती करतानाच्या मुलाखतीत, स्पष्ट नोंद आहे.

ती नोंद वाचून दाखवताना यामिनी मध्येच अडली.

“सांग ना.”

“आई, यात लिहिलंय की तुम्ही पडण्याच्या आधीही घरात काहीच करत नव्हता. स्वयंपाक नाही, बाजार नाही, जिना नाही. सगळं घरचे करायचे. पाण्याचा ग्लाससुद्धा हातात द्यावा लागायचा.”

ही बाई कोण? कुणाच्या आईबद्दल लिहिलंय हे?

“कुणी सांगितलं असं?”

सुगतचे कान लाल झाले होते.

“सुगत. कुणी सांगितलं?”

“आई, तसं नाही ते,” सुगत म्हणाला. “त्यांनी विचारलं, आई घरी काय काय कामं करतात? मी म्हटलं, छे, आम्ही आईला काहीही करू देत नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून देतो. म्हणजे, आपण म्हणतो ना तसं. चांगल्या अर्थाने.”

चांगल्या अर्थाने! खरंच, नागपुरात कुठल्याही लग्नाच्या मांडवात हे वाक्य टाकलं असतं तर चार बायकांनी पदराने डोळे पुसले असते, काय गुणाचा मुलगा म्हणून. इथल्या माणसाने ते जसंच्या तसं घेतलं. ग्लास द्यावा लागतो म्हणजे बाईला उचलता येत नाही. काही करू देत नाही म्हणजे तिला काही जमत नाही. आणि मुलाच्या त्या एका बढाईत नीलाताईंचे तीन मजले, मैदान, भाजीची पिशवी, सगळं वाहून गेलं.

“आणि नागपूरचं? नागपूरला मी काय करते ते?”

“ते त्यांनी विचारलं नाही.”

“त्यांनी विचारलं नाही, का तू सांगितलं नाहीस?”

“काय सांगायचं होतं आई?” सुगत एकदम उसळला. “माझी आई सत्तरी उलटून गेल्यावर तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, आणि मी मुलगा असून इथे मजेत राहतो, हे सांगू? काय म्हणाले असते ते? आणि... आणि झालंही ते बरंच झालं, असं वाटलं मला. इथेच राहशील तू. परत त्या जिन्यावर जायलाच नको. माझ्या डोळ्यांसमोर राहशील.”

बोलून गेला आणि स्वतःच दचकला. यामिनीने कपाळावर हात ठेवला. डॉक्टरला एक अक्षर कळलं नव्हतं, पण त्यानेही पेन खाली ठेवलं.

डॉक्टरचा राग नीलाताईंना पेलवत होता, तसे राग त्यांनी जन्मभर पेलले होते. पण हा राग निराळाच होता. परका माणूस मोजायला चुकला तर त्याच्याशी भांडता येतं. हा तर पोटचा मुलगा, याला सगळं माहीत होतं.

“तुझं नाक वर राहावं म्हणून तू माझे पाय कापले, सुगत,” त्या म्हणाल्या. “तुझे बाबा गेले, मी एकटी राहिले, त्याचा मला कधी राग नाही आला. मीच तुला म्हटलं होतं, जा, तुझं काम आहे तिकडे. लोकांना अभिमानाने सांगायची मी, माझी मी राहते म्हणून. आणि तुला त्याची लाज वाटते? लाज वाटते म्हणून मला लुळी करून टाकलंस?”

“आई, प्लीज, इथे नको.”

“इथेच! इथेच सांगितलं होतंस ना? मग इथेच परत सांग. यामिनी, तू नको बोलू. याच्या तोंडून. त्याला सांग, मी कुठे राहते, कशी राहते, कितव्या मजल्यावर राहते. त्याला सांग की माझा मुलगा माझं काहीही करत नाही आणि मला ते लागतही नाही. आणि परत गाळलंस तर मला कळेल.”

सुगतने पाण्याचा घोट घेतला. मग बोलायला लागला. ऑफिसात मोठमोठ्या मीटिंगा घेणारा माणूस, पण जर्मन अडखळत येत होतं, मध्येच शब्द शोधावा लागत होता. नीलाताई कान लावून बसल्या होत्या. त्यांना काही कळत नव्हतं. नागपूर कळलं. मग एके ठिकाणी तो थांबला, नाक ओढलं, आणि म्हणाला, “आलाइन.”

तो शब्द त्यांना येत होता. मांडीवरच्या हाताचं एक बोट आपोआप वर झालं.

लिंडनर या वेळी सुगतकडे बघत नव्हता. पहिल्यांदाच तो नीलाताईंकडे बघून बोलला, सावकाश, आणि यामिनीने सांगितलं, “आई, ते म्हणतात, हे मी तुम्हालाच विचारायला हवं होतं. जिना आणि एकटं राहणं हे नव्याने लिहितायत. त्यावर मुदतवाढ मागता येईल.”

“आणि तो देशाचा रकाना?”

यामिनीने विचारलं. डॉक्टर जरा घुटमळला. रकाना काढून इथल्या सगळ्यांच्या मापाने मोजलं, तर पट्टी लाल होईल, म्हणाला. शेरा वाईट येईल. पेशंटला ते बघायला आवडत नाही.

“करा लाल,” नीलाताई म्हणाल्या. “आयुष्यभर कुणाच्या बापाची टाप नव्हती मला कच्ची म्हणायची. आज मी म्हणते, मी कच्ची आहे. मला चौथी पायरी चढता येत नाही. लिहा. पण ज्या रेघेवरून क्रेमरबाई कच्ची, त्याच रेघेवरून मला कच्ची लिहा. तुमच्या मानाने चांगली हे मला नको. तुमचं चांगलं तुमच्याजवळ ठेवा.”

माउसचा आवाज झाला. पट्टी लाल झाली. खाली एक शब्द उमटला.

“काय लिहिलंय?”

“श्वाख,” यामिनी म्हणाली. “कमकुवत.”

“हं. आता बरोबर मोजलं.”

उठताना त्यांनी वॉकर पुढे ओढला आणि दारापाशी थांबून मागे वळल्या. “याला शेवटचं एक विचार. बाकीच्यांचं काय? माझी सून आहे बोलायला. ज्यांचं कुणी बोलणारं नाही, अशा किती बायका या डब्यात हिरव्या करून घरी पाठवल्या?”

यामिनीने विचारलं. डॉ. लिंडनरने पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. नीलाताईंनी त्याचे आभार मानले नाहीत.

मुदत मिळाली. पुढच्या शनिवारी सुगत क्लिनिकमध्ये आला तेव्हा आई हॉलमध्ये लाकडी पायऱ्यांवर होती. शेजारच्या कठड्याला धरून क्रेमरबाई, दोघी घामाघूम, दोघींची तोंडं लालबुंद. नीलाताईंनी त्याला बघितलं, पण बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या त्याच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. तो सवयीने पुढे झाला आणि त्यांच्या कोपराखाली हात धरला.

“हात काढ.”

“आई, पडशील.”

“पडले तर उठेन. तेच शिकून राहिले इथे.”

त्याने हात काढला आणि खाली जाऊन उभा राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नागपूरहून उल्हासकाका, रामदासरावांचे धाकटे भाऊ, व्हिडिओ कॉलवर. आवाज साऱ्या हॉलभर घुमला. “काय रे सुगत! वहिनी कशी आहे? सेवा चालू आहे ना नीट? काही करू नका देऊ बरं तिला!”

सुगतचं तोंड उघडलं. ते वाक्य तयारच होतं जिभेवर. त्याने वर बघितलं. आई तिसऱ्या पायरीवर थांबली होती, पाठ त्याच्याकडे, कठड्यावरची बोटं पांढरी पडलेली. वळून बघत नव्हती, पण ऐकत होती.

“सेवा काही नाही काका,” तो म्हणाला. आवाज खालीच होता. “आई अजून कमकुवत आहे. चढायला शिकतेय. जमलं की नागपूरला येणार. एकटीच राहणार.”

“काय? काय म्हणतोस? ऐकू नाही आलं बाप्पा!”

नीलाताईंनी डावा पाय उचलला, चौथ्या पायरीवर ठेवला आणि सगळा भार त्याच्यावर टाकला.

“मोठ्याने सांग,” त्या वरूनच म्हणाल्या.